केसांचं घर

माफ्रकच्या पूर्वेला, जिथे डांबरी रस्ता
काळ्या दगडांत शिरतो आणि विसरल्यासारखा संपतो,
तिथे वद्‌हा बिन्त सुवैलिम
महिनाभर एकच पट्टी विणते आहे.
जमिनीलगत ताणलेला माग, शेळीचे केस,
धागा ठोकायला हरणाचं शिंग,
पकडून पकडून गुळगुळीत झालेलं.

नातू नायिफ इरबिदहून आलाय.
सोमवारी छंदशास्त्राचा पेपर.
भिंतीला टेकून घोकतो:
बैत म्हणजे द्विपदी.
मिसरा म्हणजे तिचा अर्धा भाग.
सबब, दोन अक्षरांचा गट.
वतद, तीन अक्षरांचा.

शिंग थांबतं.
"पुन्हा म्हण."
तो पुन्हा म्हणतो.
"अरे, बैत म्हणजे घर.
मिसरा, दाराची एक फळी.
सबब म्हणजे दोर. वतद म्हणजे खुंटी.
हे शिकायला तू बसचं भाडं भरतोस?"

आपल्याकडे यातलं थोडंच पोचलं.
मिसरा आला, दार मागे राहिलं.
शेर आला, त्याचं मूळ नाव शिअर: कविता.
आणि शअर म्हणजे केस.
बैत-शअर: वद्‌हाचा तंबू.
बैत-शिअर: नायिफची द्विपदी.
मधे एका वेलांटीचा फरक,
आणि त्यांच्या लिपीत बहुधा तीही लिहीत नाहीत;
वाचणाऱ्यानं ठरवायचं,
आत राहायचं की म्हणायचं.

"कुणी ठेवली ही नावं?"
"बसऱ्याच्या एका विद्वानानं. हजार वर्षं होऊन गेली."
"तंबू ठोकायचा तो?"
"पुस्तकात नाही."
"म्हणजे नसेल ठोकत. आत बसून
वर बघितलं असेल त्यानं, चहा येईपर्यंत."
आणि हसते, एक दात नसलेलं हसू.
"ठोकणारीला विचारलं असतं तर सांगितलं असतं,
दारापासून सुरुवात करू नको.
आधी सगळं कापड जमिनीवर पसरायचं.
बराच वेळ ते नुसतं पडून असतं,
मेलेल्या शेळीसारखं. पोरं विचारतात, झालं का?
मग दोर. मग खुंट्या.
खांब सगळ्यात शेवटी,
खालून, डोक्यानं रेटत."

नायिफ समासात काहीतरी लिहितो.
मग खोडतो.

नवी पट्टी तंबूच्या मधोमध जोडायची असते,
जिथे पाणी जास्त पडतं.
जुन्या पट्ट्या कडेला सरकतात, दर दोन-चार वर्षांनी एकेक घर,
आणि अगदी टोकाची उसवून शेळ्यांच्या आडोशाला जाते.
"हा तंबू माझ्या आईचा," वद्‌हा सांगते.
"त्यात आईनं विणलेलं आता काहीच नाही."
हे ती दुःखानं म्हणत नाही.
हिशोब सांगावा तसं म्हणते.

शेजारीच सरकारी सिमेंटचं घर आहे.
फ्रिज तिथे, टीव्ही तिथे, आजारी माणूसही तिथेच झोपतं.
पाहुणा मात्र अजून तंबूत बसतो.

पुस्तकात एका दोषाचंही नाव होतं, इक्वा:
यमकाचा शेवटचा स्वर घसरतो तेव्हा.
मूळ, म्हणे, दोर वळणाऱ्यांच्या बोलीत:
एक पीळ जाड, एक बारीक.
त्यानं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही,
फक्त सकाळीच वळलेला दोर उचलून
बोटांतून हळूहळू ओढत नेला,
एका ठिकाणी थांबली,
आणि तेवढाच भाग उलगडायला घेतला.

रात्री वारा उठला.
कापड फडफडायला लागलं तसं तिनं त्याला उठवलं.
बाहेर अंधार, हातात दगड,
खुंटी म्हणजे घर बांधून उरलेली, वाकवलेली सळई.
तो झोपेतच मारत होता, ओठांवर उद्याचा अभ्यास:
फऊ— खुंटी,
लुन— दोर ओढ,
फऊ— खुंटी,
लुन—
"सरळ मारू नको," आतून आवाज आला.
"तिरपी.
तंबूकडे पाठ करून."